कुलूप गेले, आता पत्ता पाठ करा

मोबाईलवर इंटरनेट उघडायला आपण जे रंगीत गोल चिन्ह दाबतो, त्या क्रोम नावाच्या ब्राउझरमधून सप्टेंबर २०२३ मध्ये एक लहानशी वस्तू नाहीशी झाली. वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता इंग्रजीत लिहिलेला असतो. त्याच्या डाव्या अंगाला एक इवलेसे कुलूप दिसायचे. कंपनीने ते काढून तिथे दोन आडव्या रेघा आणि त्यांवर दोन गोळे असे चित्र बसवले. जुन्या टेपरेकॉर्डरवर आवाज कमीजास्त करायचे सरकते खटके असत, तसे काहीसे ते दिसते. क्रोमची ती ११७ क्रमांकाची आवृत्ती. ज्यांच्या फोनवर अपडेट आपोआप होते, त्यांच्याकडे ती न विचारता आली आणि कुलूप न सांगता गेले.

तसे पाहिले तर बाब क्षुल्लक. परंतु खेड्यापाड्यात तिचा गोंधळ अजून निस्तरलेला नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. गेली कित्येक वर्षे इंटरनेटच्या बाबतीत आपल्याला एकच धडा दिला गेला: कुलूप दिसले तर माहिती भरा, नाही दिसले तर भरू नका. बँकेच्या भिंतीवरचा फलक तेच सांगत होता, सायबर जनजागृतीची पत्रके तेच सांगत होती, सेवा केंद्रातला पोरगाही तेच सांगत होता. शेतकऱ्याने तो धडा इमानेइतबारे गिरवला. आणि एके दिवशी कुलूपच गायब! "कुलूप दिसंना झालंय, म्हंजी साईट खोटी" असे म्हणून पीक विम्याचे खरेखुरे पान बंद करणारे लोक आहेत. "माझा फोन कुणीतरी हॅक केला" म्हणून दुकानात जाऊन सगळा फोन पुसून आणणारे आहेत. आणि तिसरे, जे सर्वांत जास्त आहेत, त्यांनी "चालायचंच" म्हणून डोळे मिटून आधार क्रमांक भरायला सुरुवात केली आहे. काळजी वाटते ती या तिसऱ्यांची.

वास्तविक कुलूप काढण्याचा निर्णय चुकीचा नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कुलूप नेमके काय सांगत होते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. आपल्यालाच कशाला, साऱ्या जगाला ठाऊक नव्हते. क्रोम बनवणाऱ्या गुगल कंपनीने २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा त्यात भाग घेतलेल्यांपैकी अवघ्या ११ टक्के लोकांना कुलुपाचा बरोबर अर्थ सांगता आला. बाकीच्यांपैकी पुष्कळांची समजूत अशी की, कुलूप आहे म्हणजे समोरचा माणूस भरवशाचा आहे.

आता खरा अर्थ. बियाण्याची पिशवी आपण दुकानातून आणतो तेव्हा ती सीलबंद आहे का हे पाहतो. सील शाबूत असेल तर एवढेच कळते की, पिशवी भरल्यापासून आपल्या हातात येईपर्यंत वाटेत ती कोणी फोडली नाही. आत सोयाबीन चांगले आहे की बोगस, हे सील सांगत नाही. बोगस बियाणे विकणारा तर पिशवी जास्तच झोकात शिवून देतो. पेरणी करून, पंधरा दिवस वाट पाहून, रान मोकळेच राहिलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ब्राउझरमधले कुलूप म्हणजे असे पिशवीचे सील होते. तुमच्या फोनपासून समोरच्या संगणकापर्यंत माहिती बंद पाकिटातून जाते, वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच त्याची हमी. पाकीट ज्याच्या हातात पडते तो बँकेचा मॅनेजर आहे की भामटा आहे, याच्याशी कुलुपाला देणेघेणे नव्हते.

एके काळी या सीलाला किंमत होती हे खरे. हे कुलूप १९९० च्या दशकातले, नेटस्केप नावाच्या ब्राउझरच्या जमान्यातले. तेव्हा बंद पाकिटातून माहिती नेणारी संकेतस्थळे मोजकीच होती, त्यामुळे कुलूप दिसणे ही विशेष गोष्ट होती. गुगलनेच दिलेल्या आकड्यांनुसार २०१३ मध्ये जगातल्या पहिल्या दहा लाख संकेतस्थळांपैकी फक्त १४ टक्के संकेतस्थळांवर ही सोय होती. पुढे ही सोय फुकट मिळू लागली. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ च्या अखेरीपासून हे प्रमाणपत्र विनामूल्य आणि काही मिनिटांत देऊ लागली. चांगले काम झाले. २०२३ पर्यंत विंडोजवरच्या क्रोममध्ये उघडणारी ९५ टक्क्यांहून अधिक पाने बंद पाकिटातून येऊ लागली. पण जे सर्वांना फुकट मिळते ते चोरालाही मिळते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने जून २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता की, कुलूप पाहून संकेतस्थळावर विश्वास ठेवू नका, ठग मंडळी मुद्दाम कुलूप लावूनच दुकान थाटतात. म्हणजे २०१९ सालीच हे जगजाहीर होते, आणि आपल्याकडे त्यानंतरही कुलुपाची आरती चालूच राहिली.

कुणी म्हणेल, मग कुलुपाऐवजी बँकेचे नावच वर लिहायचे होते. तेही करून झाले आहे. काही वर्षे मोठ्या बँकांच्या संकेतस्थळावर कुलुपाशेजारी संस्थेचे नाव दिसायचे. त्यासाठी कागदपत्रे तपासून जास्त पैशाचे प्रमाणपत्र मिळे. २०१७ मध्ये इयन कॅरल नावाच्या अमेरिकी संशोधकाने एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाचीच दुसरी कंपनी वेगळ्या राज्यात रीतसर नोंदवली आणि तेच नाव मिरवणारे प्रमाणपत्र मिळवून दाखवले. त्याने फसवणूक केली नाही, फक्त भोक कुठे आहे ते दाखवले. सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोमने ते नावही पट्टीतून काढले. एकाच नावाची दोन माणसे गावात असली म्हणजे सातबाऱ्यावर काय घोळ होतो, हे तलाठीभाऊंना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) विचारा.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट जुन्या संगणकांची. अनेक ग्रामपंचायतींत, सोसायट्यांत आणि सेवा केंद्रांत विंडोज ७ चे संगणक अद्याप चालू आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबवली. क्रोमनेही त्यासाठी शेवटची आवृत्ती दिली ती जानेवारी २०२३ मधली, १०९ क्रमांकाची. तिच्यात कुलूप आहे. त्यामुळे झाले असे की, ग्रामपंचायतीच्या संगणकावर कुलूप दिसते आणि शेतकऱ्याच्या नव्या फोनवर दिसत नाही. "हापिसातल्या मशिनवर कुलूप हाय, माझ्या मोबाईलवर न्हाई, म्हंजी माझा मोबाईल धोक्याचा का?" असा प्रश्न कोणालाही पडावा. उत्तर नेमके उलटे आहे. कुलूप दाखवणारा तो संगणकच धोक्याचा, कारण त्यात सापडलेली भोके आता कोणी बुजवत नाही. त्याच संगणकाला ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचा डोंगल लागतो, त्याच्यावरच गावाचे आधार क्रमांक आणि पासबुकांच्या प्रती चढतात.

म्हणूनच "अपडेटच बंद करून ठेवा, डोक्याला ताप नाही" हा सल्ला जो सर्रास दिला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. पण सल्ला देणाऱ्याला मूर्ख म्हणून मोकळे व्हावे असेही नाही. त्याला अनुभव आलेला असतो. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने जावाच्या जुन्या पद्धतीच्या जोडण्या कायमच्या बंद केल्या, तेव्हा त्यावर विसंबून असलेली डिजिटल सहीची कामे क्रोमवर अडली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही तेच केले. काम करणाऱ्याच्या दृष्टीने काल चालणारे मशीन आज चालत नाही एवढेच खरे असते. ज्याचा असा एकदा खोळंबा झाला, तो दुसऱ्या वेळी अपडेटचा खटका बंद करणारच. सुरक्षेचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि इथेच माझी मुख्य तक्रार आहे. ब्राउझरमध्ये बदल झाला की ओरड होत नाही असे नाही. होते, आणि ती ऐकलीही जाते. फक्त कोणाची ओरड ते पाहा. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोमची ६९ वी आवृत्ती आली. तिने पत्त्याच्या सुरुवातीचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लपवला. शिवाय, कोणी जीमेल उघडले की खुद्द ब्राउझरच त्या माणसाच्या खात्याला जोडला जाऊ लागला. सेवा केंद्रातल्या सामाईक संगणकावर एखाद्या शेतकऱ्याने आपले मेल उघडले तर काय होईल, याचा विचार करा. जाणकारांनी गहजब केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सांकेतिक लिपीचे प्राध्यापक मॅथ्यू ग्रीन यांनी आपण क्रोम सोडत असल्याचे जाहीर लिहिले. महिन्याच्या आत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू परत आला आणि ऑक्टोबरच्या आवृत्तीत खाते न जोडण्याचा खटका मिळाला. (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा लपवला, ती गोष्ट निराळी. ओरड थंडावली की बांध पुन्हा सरकतो.) त्याच २०१८ सालच्या एप्रिलमध्ये आपोआप वाजणारे आवाज बंद करण्याच्या नादात क्रोमने इंटरनेटवरचे खेळ मुके केले. खेळ बनवणारे चिडले, आणि मे महिन्यात कंपनीने त्यांच्यापुरता बदल मागे घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये आणलेला कुकीजचा एक कडक नियम कोरोनाच्या काळात अत्यावश्यक सेवांची संकेतस्थळे अडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये स्थगित करून जुलैत पुन्हा लागू केला.

थोडक्यात कंपनीला कान आहेत. पण या कानापर्यंत पोचले ते इंग्रजीत लिहिणारे प्राध्यापक, खेळ बनवणारे आणि मोठ्या सेवांचे चालक. कुलूप कुठे गेले असे विचारणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचा प्रश्न सेवा केंद्राच्या बाकड्यावरच विरला. कंपनीने मे २०२३ मध्ये कुलूप काढणार असल्याचे चार महिने आधी जाहीर केले होते हे मान्य. पण ते जाहीर झाले इंग्रजीत आणि संगणकवाल्यांच्या चावडीवर. गावात नळाची वेळ बदलली तरी कोतवाल दवंडी देतो. कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांना सवय झालेली खूण काढताना त्यांच्या भाषेत चार ओळी पडद्यावर दाखवणे अशक्य नव्हते.

कंपनी परदेशातली, तिला काय म्हणणार, असे म्हणून आपल्याकडच्या मंडळींनी मात्र सुटू नये. कुलुपाचा धडा कंपनीने आपल्याला दिला नव्हता, तो दिला बँकांनी आणि सरकारी खात्यांनी. धडा बदलला तर शिकवणाऱ्याने पुन्हा वर्गात यायला हवे. कित्येक फलकांवर आणि पत्रकांवर आजही कुलुपाचे चित्र आहे. ते तेवढे खरडून काढले तरी निम्मे काम होईल.

मग पाहायचे काय? पत्ता. टपालाचा पत्ता आपण कसा वाचतो ते आठवा. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. पत्र कुठे जाणार हे शेवटची ओळ ठरवते. वरच्या ओळीत दहा वेळा पुणे लिहिले तरी खाली जिल्हा सोलापूर असेल तर पत्र सोलापुरातच फिरणार. इंटरनेटचा पत्ताही शेवटाकडून वाचायचा. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे या. केंद्र व राज्य शासनाच्या संकेतस्थळांचा शेवट इंग्रजीत जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन असा असतो. हा शेवट शासकीय संस्थांनाच मिळतो, तो बाजारात विकत मिळत नाही. पीएम किसानचा खरा पत्ता पीएमकिसान टिंब जीओव्ही टिंब इन. मधल्या टिंबाच्या जागी आडवी रेघ असेल तर ते दुकान दुसऱ्याचे. आणि जीओव्ही टिंब इन नंतर आणखी टिंब देऊन भलतेच काही लिहिले असेल, तर जिल्हाच बदलला म्हणून समजा.

बँकांसाठीही आता अशी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून बँकांना आपले संकेतस्थळ बँक टिंब इन या शेवटावर न्यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. त्यात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. आपल्या जिल्हा बँकेच्या शाखेत जाऊन "आपला नवा पत्ता काय?" असे प्रत्येक खातेदाराने एकदा विचारावे. शाखाधिकाऱ्याला सांगता आला नाही तर तोही एक बोध होईल.

या नियमातही एक खोच आहे. महावितरणचा पत्ता महाडिसकॉम टिंब इन असा आहे, त्यात जीओव्ही नाही. वीज तोडण्याची धमकी देऊन लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट झालेला असताना, ज्या कंपनीचे बिल घरोघर जाते तिचा पत्ता सरकारी शेवटाचा नसावा, हे मला पटत नाही. लोकांना एकच नियम शिकवायचा असेल तर शासनाच्या मालकीच्या सगळ्या कंपन्यांनी तो पाळला पाहिजे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पत्ता वाचा म्हटल्याने लोक पत्ता वाचतात असे दिसत नाही. २०२० मध्ये क्रोमने काही लोकांपुरता प्रयोग केला होता. लांबलचक पत्त्याचे शेपूट लपवून मुख्य नाव तेवढे ठेवायचे, म्हणजे खोटेपणा चटकन ओळखू येईल, अशी कल्पना होती. त्यावरही टीका झाली. जून २०२१ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला, आणि कारण दिले ते हे की सुरक्षिततेत त्याने फरक पडला नाही. शिकल्यासवरल्या लोकांची ही गत. तेव्हा रात्री नऊ वाजता, लाइट जायच्या आत ई-केवायसी उरकू पाहणाऱ्या बाईने प्रत्येक टिंब तपासावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची घाई उडाली तेव्हा खोट्या संकेतस्थळांपासून सावध राहा म्हणून इशारे द्यावे लागले. घाई आणि हप्ता बंद होण्याची भीती, एवढ्यावरच ठगाचा धंदा चालतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, आलेला पत्ता तपासत बसण्यापेक्षा खरा पत्ता आपणच टाकावा. व्हॉट्सअॅपवर आलेली निळी ओळ दाबायची नाही. गुगलमध्ये योजनेचे नाव टाकून वर येईल ते पहिले पान उघडायचे नाही, पहिल्या जागा पैसे देऊन जाहिरातीसाठीही घेता येतात. भिंतीवर लिहिलेला पत्ता पाहून अक्षर न् अक्षर टाकायचे, एकदा बरोबर उघडले की ते पान ब्राउझरमध्ये खूण करून ठेवायचे, आणि पुढे त्या खुणेवरूनच जायचे. आणि पीएम किसानच्या नावाने ज्या एपीके फायली ग्रुपमध्ये फिरतात, त्या तर ब्राउझरला वळसा घालून थेट फोनमध्ये घुसतात. तिथे कुलूप असते नि पत्ता असता तरी उपयोग नव्हता. अशी फाइल भावाने पाठवली, सरपंचाने पाठवली, तरी उघडू नये. त्यांचाच फोन आधी गेलेला असण्याचा संभव आहे.

भिंतीवरचा पत्ता म्हटले तो मी शब्दशः. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हागणदारीमुक्तीपासून पाणी वाचवापर्यंत सगळे रंगवून झाले आहे, त्यात चार हात जागा या कामासाठी काढावी. पीएम किसान, पीक विमा, महाडीबीटी, भूलेख आणि आपली जिल्हा बँक, एवढे पाच पत्ते पुरेत. पत्ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याने संबंधित खात्याच्या पत्रावरून पडताळून द्यावेत, कोणाच्या मोबाईलमधून उतरवून नव्हे. इंग्रजी अक्षरे वीतभर मोठी काढावीत, उच्चार खाली मराठीत लिहावा आणि टिंबे लाल रंगात द्यावीत, कारण फसवणूक टिंबातच होते. खाली १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लिहावा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत या क्रमांकावर फोन केला तर ती रक्कम वाटेत अडवता येण्याची आशा असते. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊ म्हणून रात्र काढली तर रक्कम चार खाती फिरून पार निघून गेलेली असते. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नसावी. रंगाऱ्याचा खर्च फार तर एका बियाण्याच्या पिशवीएवढा येईल.